वाकड्या शिवणीचा पडदा

५ फेब्रुवारी

प्रिय बारके,

दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पाकीट इस्पितळाच्या शिवणखोलीच्या पत्त्यावर आलं होतं. चादरी, गाउन आणि उशांच्या अभ्र्यांच्या ढिगात पत्र म्हटल्यावर सगळ्या बायांच्या माना वर झाल्या. "बारकीचं आहे," म्हटलं तर एक म्हणाली, "मावशीची आठवण आहे म्हणायची अजून." मी म्हटलं, "राहणार नाही तर काय? चार वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर बसून माझी बोलणी खाल्लीत तिने." सगळ्या हसल्या. तुझं जुनं मशीन अजून तिथेच आहे. उंची पुरावी म्हणून तू खाली घेत होतीस तो पाट मात्र कोणीतरी पळवला.

तुला त्या शाळेत गणवेश शिवायचं काम मिळालं हे बरं झालं. तिथल्या चर्चच्या मंडळीत तू रमलीस हेही बरं. आणि आता पाळकांनी विश्वासात वाढवायला तुझ्याच हाताखाली एक मुलगी दिलीय, हे वाचून जरा हसूच आलं. कालपरवापर्यंत तू माझ्या हाताखाली होतीस. शुक्रवारची जेवणाची सुट्टी, चादरींच्या कपाटामागची ती दोन स्टुलं, आणि तुझी निळी वही. मी बोलायची आणि तू उतरवून घ्यायचीस, जसं काही मी परीक्षेचा पेपर फोडतेय.

तुझी ही मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते, लग्नाला दीड वर्ष झालं, नवरा हात उचलतो, आणि मागच्या आठवड्यात ती बॅग घेऊन आत्याकडे निघून आली. एवढं कळलं. तू लिहितेस, "मावशी, तुमची साक्ष सविस्तर लिहून पाठवा. अठरा तारखेच्या रविवारी उपासनेनंतर तिला वाचून दाखवते आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या घरी परत पोचवते. पडद्याचं विसरू नका, ते ऐकलं की तिला धीर येईल."

अगं, ती साक्ष काय पळून चाललीय? प्रभूने माझ्यासाठी काय केलं ते एकोणीस वर्षं मंडळीपुढे उभी राहून सांगतेय, पाठ झालीय सगळ्यांना. पण लिहून काढायची म्हणजे वेळ हवा, आणि माझं मनगट हल्ली धरतं. राहू दे तिला आत्याकडे थोडे दिवस. दुकानात जाऊ दे, चार लोकांना चष्मे लावू दे. घाई कशाला?

आमचे हे ठीक आहेत. खुर्चीत बसून असतात. चहा हवा असला की डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर थाप मारतात. आत्ताच मारली.

तुझा कान कसा आहे ते तू लिहिलं नाहीस.

तुझी,
मावशी

९ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र आज सकाळी आलं. चांगलं फटकारलंस. "मावशी, मी बॅग घेऊन आले तेव्हा तुम्ही मला थोडे दिवस थांब म्हणाला नव्हतात. चहासुद्धा पुरता पिऊ दिला नव्हतात."

खरं आहे. मला तो दिवस आठवतो. तू दारात उभी होतीस, ओठ सुजलेला, हातात ती तपकिरी बॅग, जिची चेन मीच बदलून दिली होती. मी तुला आत घेतलं, ह्यांच्यासमोर बसवलं आणि म्हटलं, "बघ ह्यांच्याकडे. हाच माणूस. अकरा वर्षं मारत होता मला. मी सोडून गेले असते तर हा आज कुठे असता?" मग प्रार्थना केली. मग तुझी बॅग मी उचलली आणि तुला कोपऱ्यापर्यंत पोचवलं. वाटेत मी तुला सांगितलं, "मी प्रभूच्या मागे चालते, तू माझ्या मागे चाल. पाऊल बघून पाऊल टाक." तू वहीत लिहिलंस ते घरी जाऊन. नवऱ्याने दार उघडलं तेव्हा तो लाजून हसला म्हणे. दिवसभर गाडी शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून "सावकाश, सावकाश" म्हणणारा माणूस. त्याला बघून कोणाला वाटेल?

अशी मी तुझी बॅग तीनदा उचलली. तिसऱ्या वेळेनंतर तुझा डावा कान गेला.

वॉर्डात तुला बघायला मी एकदाच आले, तेही चादरी द्यायच्या निमित्ताने. तू मला म्हणालीस, "मावशी, माझं काय चुकतंय? तुम्हाला अकरा वर्षं लागली, मला तर चारच झालीत, म्हणून का?" मी तुझ्या उशीचा अभ्रा सरळ केला आणि निघून आले. पुढे तुझ्या नवऱ्याची त्या गावी बदली झाली, आणि मी पत्ता मागितला नाही. तुला वाटलं असेल मावशी रागावली. मी रागावले नव्हते.

पण बारके, माणूस माणसासारखा नसतो. माझं जे झालं ते तिचं होईलच असं कसं म्हणायचं? तिचा नवरा वेगळा, तिची हाडं वेगळी. तू माझी साक्ष तिला सांगू नकोस. एखादं वचन वाच, प्रार्थना कर, हात धरून बस. तेवढं पुरे.

तुला वाटेल, ताकाला जाऊन भांडं लपवतेय मावशी. लपवतेय खरी. दोन दिवस दे मला.

मावशी

१३ फेब्रुवारी

बारके,

हे पत्र शाळेत वाचू नकोस. घरी तर मुळीच वाचू नकोस. उपासनेच्या खोलीत एखाद्या बाकावर बसून वाच, तिथे दुपारी कोणी नसतं.

आमचे हे कधीच बदलले नाहीत.

माझी साक्ष तुला पाठ आहे. अकरा वर्षं मार खाल्ला, अकरा वर्षं प्रार्थना केली, एक दिवस प्रभूने त्यांच्या हातातला राग काढून घेतला. मग सुखाची तीन वर्षं. मग आजार, आणि मी केलेली सेवा. ह्यात अकरा वर्षं खरी आहेत. आजार खरा आहे. मधली तीन वर्षं मी शिवलेली आहेत.

खरं असं झालं. अकराव्या वर्षी एका दुपारी ते माझ्यावर हात उगारून उभे होते, आणि तो हात तसाच खाली आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अर्धांगवायू. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. मी तेव्हा काय केलं सांगू? मी चुलीपाशी जाऊन बसले आणि मला इतकं हलकं वाटलं की त्यांना उचलायला लोकांना हाक मारायचं दहा मिनिटं राहूनच गेलं. त्यांनी कधी क्षमा मागितली नाही. पश्चात्ताप केला की नाही मला माहीत नाही. पुढे एकदा डाव्या हाताने कप फेकून मारला होता, तो माझ्या भुवईला लागला. ती खूण तू पाहिलीस. कपाटाचं दार लागलं, असं मी तुला सांगितलं होतं.

मग मी ह्या गावी आले, नोकरीसाठी. इथे आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. मंडळीत पहिल्याच महिन्यात बायकांच्या सभेत पाळकीणबाई म्हणाल्या, "उभ्या राहा, प्रभूने तुमच्यासाठी काय केलं ते सांगा." मी उभी राहिले. म्हणाले, माझा नवरा अकरा वर्षं मारत होता. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पुढे म्हणायचं होतं, मग तो आजारी पडला. पण ते सांगून काय होतं? त्यात प्रभू कुठे होता? मी माझ्या तोंडाने म्हटलं, "आणि एक दिवस त्याने हात उचलणं बंद केलं." हे तर खोटं नव्हतं. सगळ्या बायका एका आवाजात "आमेन" म्हणाल्या. बारके, माझ्या बोलण्याला कोणी होकार दिला, अशी ती आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

मग कोणीतरी विचारलं, "बंद केल्यावर कसे वागायचे?" आणि मी सांगत सुटले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. रस्ता ओलांडताना माझा हात धरायचे. भांडी विसळायचे. दर वर्षी एक नवी गोष्ट जोडत गेले. आणि पडदा. मी आजारी असताना त्यांनी माझ्या मशीनवर बसून खिडकीला पडदा शिवला, शिवण सापासारखी वाकडी गेली, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. इथे मंडळीसुद्धा दर वेळी हसते.

पाळकीणबाई एकदा म्हणाल्या, "तो पडदा बघायचाय हो." त्या रविवारनंतर मी बसून तो शिवला. निळ्या कापडाचा. तीस वर्षं सरळ शिवणाऱ्या बाईला मुद्दाम वाकडं शिवणं किती अवघड जातं ते तुला कळेल. दोनदा उसवला, पुन्हा शिवला, मनासारखा वाकडा होईपर्यंत. तोच तुला दाखवला. तू त्यावरून हात फिरवलास आणि रडलीस.

खोटं बोलले त्याचं दुःख आहेच, पण आणखी एक सांगते. त्या तीन वर्षांवर माझा जीव जडलाय. एकटी असताना मी ती आठवते. कधीच नव्हती ती वर्षं, आणि माझ्या आयुष्यातली तीच बरी गेली.

त्या साक्षीमुळे पाळकांनी माझ्या हाताखाली बायका दिल्या. तुझ्याआधी दोघी. त्यांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. आणि तुला मी काय शिकवलं? दुसरा गाल पुढे कर, सोस, गप्प राहा, येशूनेही सोसलं. पण त्याला पकडून नेल्यावर एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली, तेव्हा तो गप्प बसला नव्हता गं. त्याने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर दाखव, नाहीतर मला का मारतोस? हात बांधलेले असताना विचारलं. ते पान मला माहीत होतं. दर वेळी ते आलं की मी पुढचं उलटायची, कारण मी स्वतः अकरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

त्या मुलीला परत पाठवू नकोस. तूही तिथे राहू नकोस. हे पत्र आज टाकते, शुक्रवारपर्यंत मिळेल.

मावशी

२२ फेब्रुवारी

बारके,

मागचं पत्र तुला काल-आज मिळालं असेल, आणि त्यावर तेरा तारीख होती. टपालखात्याला दोष देऊ नकोस.

ते लिहून झाल्यावर मी पाकीट बंद केलं, तिकीट लावलं आणि पिशवीत टाकलं. बुधवारी ती पिशवी घेऊन टपालपेटीवरून दोनदा गेले. गुरुवारी पाकीट पिशवीतून काढून दुरुस्तीच्या चादरींच्या तळाशी ठेवलं. शुक्रवारी पाळकसाहेब शिवणखोलीत आले होते. म्हणाले, "मावशी, वार्षिक सभेत तुमचीच साक्ष ठेवलीय हं." मी हो म्हटलं. शनिवारी दुपारी, शेवटचं टपाल निघून गेल्यावर, मी ते पत्र पेटीत टाकलं. निघून गेल्यावर टाकलं, हे मला ठाऊक होतं. घड्याळ बघूनच गेले होते.

झाकली मूठ आणखी एक रविवार झाकलेली राहावी, एवढ्यासाठी.

आज तुझं पत्र आलं, रविवारी रात्री लिहिलेलं, म्हणजे माझं मिळण्याआधीचं. "मावशी, तुम्ही लिहून पाठवली नाहीत तरी मला पाठच आहे. मी सगळी सांगितली. पडद्यापाशी ती हसली. लग्नानंतर पहिल्यांदा हसले म्हणाली. मग मी तिची बॅग उचलली आणि कोपऱ्यापर्यंत पोचवलं."

तू तिची बॅग उचललीस.

मी हे वाक्य वाचलं आणि मशीनवरून उठले. बाया म्हणाल्या, मावशी, चेहरा असा का? मी म्हटलं, सुई बोटात गेली.

बारके, आता माझं ते पत्र तुझ्या हातात असेल. तिच्याकडे जा. आत्याला घेऊन जा, दुकानमालकाला घेऊन जा, कोणालाही ने. तिला बाहेर काढ. मग मला शिव्या घालायला वेळच वेळ आहे.

मावशी

२७ फेब्रुवारी

बारके,

तू मला शिव्या घालशील असं मी धरून चालले होते. तसं केलं असतंस तर मी देवाचे आभार मानले असते.

तू लिहितेस की तू माझ्यासाठी तीन दिवस उपास धरलायस. लिहितेस, "मावशी, तुम्ही परीक्षेत पडला आहात. सैतान माणसाला त्याच्या साक्षीवरच संशय घ्यायला लावतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. वहीत आहे, तारखेसकट. तुम्ही थकलाय म्हणून असं वाटतंय. पडदा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

आणि त्याखाली, जणू हवापाण्याची बातमी द्यावी तसं लिहिलंयस, की चष्मेवालीचा जबडा मोडला, तारांनी बांधलाय, नळीने पातळ काहीतरी देतात. "तिला बोलता येत नाही, पण मी तिचा हात धरून सांगितलं, तुझ्या साक्षीला सुरुवात झाली."

हे मी तुला शिकवलं. शब्दही माझेच आहेत. तुझ्या पहिल्या काळ्यानिळ्या डोळ्यावर मी हेच म्हटलं होतं. तेव्हा ते किती छान वाटलं होतं मला. आज माझ्याच तोंडचं वाक्य तुझ्या अक्षरात वाचलं आणि मी मशीन बंद करून घरी आले.

कसं पटवू तुला? शपथ घेतली तर म्हणशील सैतान शपथाही घेतो. तुला पटवायला माझ्याकडे शब्दच उरले नाहीत, हातातलं कसब तेवढं राहिलं. पाकिटात पडद्याचा तुकडा आहे. मी आज कात्रीने कोपरा कापला. तू शिवणारी आहेस, मी तुला शिकवलंय आणि ते तरी नीट शिकवलंय. ही शिवण उजेडात धर. वाकडी आहे. पण टाक्यांची लांबी बघ, सगळे सारखे. खालचा दोरा कुठे सैल नाही. आणि शेवट बघ. मशीन उलटं घेऊन तीन टाके मागे, पक्के केलेले. जन्मात एकदा मशीनवर बसलेला पुरुष शेवटचा टाका मागे घेतो का? नवीन बायांना मी तीन महिने ओरडते तेव्हा कुठे त्या घ्यायला लागतात. शिवण मी वाकडी नेली, पण शेवट सुटा ठेवणं माझ्या हाताला जमलंच नाही.

येत्या रविवारी मी मंडळीपुढे उभी राहणार आहे. तुझ्या वहीत हेही लिही.

मावशी

९ मार्च

बारके,

आज शुक्रवार. जेवणाची सुट्टी आहे, आणि मी कपाटामागे आपल्या स्टुलावर बसून लिहितेय. समोरचं स्टूल रिकामं आहे.

रविवारी उभी राहिले. ह्यांना नेहमीसारखं पुढच्या रांगेशेजारी खुर्चीत बसवलं होतं. एवढी वर्षं मी ह्यांना तिथे पुराव्यासारखं ठेवत आले, आणि बोलता न येणारा माणूस नाही कसं म्हणणार होता? लोकांना वाटलं नेहमीची साक्ष. मी सगळं सांगितलं. हात उगारला होता आणि तो खाली आला, ते सांगितलं. चुलीपाशी बसले ती दहा मिनिटं सांगितली. तीन वर्षं नव्हती, पडदा माझा, आणि माझ्या शब्दावर परत गेलेल्या एका बाईचा कान गेला, दुसरीचा जबडा. म्हटलं, आता कोणीतरी उठून मला बाहेर काढेल.

पाळकसाहेब उठले. त्यांचे डोळे भरले होते. खरंच भरले होते, तो माणूस लबाड नाही. ते म्हणाले, "बंधुभगिनींनो, प्रभूचे मार्ग किती अगम्य आहेत. आपल्याला वाटलं त्याने हृदय बदललं. त्याने तर हातच थांबवला. धीर धरणाऱ्या मुलीसाठी तो काय करत नाही?" आणि सगळे म्हणाले, आमेन.

तेवढ्यात ह्यांनी खुर्चीच्या दांडीवर थाप मारली. एकदा, मग पुन्हा, मग मारतच राहिले. डोळे माझ्यावर. त्या डोळ्यांत काय होतं ते मला एकतीस वर्षांत वाचता आलेलं नाही, रविवारीही आलं नाही. राग असेल, रडू असेल, चहा हवा असेल. मागची एक बाई हुंदका देत म्हणाली, "बघा, तेही आमेन म्हणताहेत." दारात एकीने माझा हात धरला. "मावशी, ही साक्ष आधीपेक्षाही बरी आहे. पण पडदा मात्र ह्यांचाच हं, आम्ही पाहिलाय तो."

खरं सांगूनही खोटंच पोचलं. एकोणीस वर्षं त्या लोकांना मीच ऐकायला शिकवलं, आता त्यांना दुसरं ऐकूच येत नाही.

काल तुझं पाकीट आलं. त्यात तो पडद्याचा तुकडा होता. शेवटचे तीन टाके तू उसवले होतेस, सुईने, एकेक करून, कापडाला धक्का न लावता. चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकलं, फाडून आत बघितलं. काही नव्हतं.

म्हणजे तो शेवट कोणाच्या हातचा ते तुला कळलं. मला हवं होतं ते झालं, आणि तेव्हापासून मी धड श्वास घेतलेला नाही. कारण आता माझ्या लक्षात येतंय मी तुझ्याकडून काय काढून घेतलं ते. परवापर्यंत तुझ्या सहा वर्षांना काही अर्थ होता. तू मार मोजत होतीस तो अकराव्या वर्षाकडे बघत. आता तू त्याच घरात बसली आहेस, एका कानाने त्याची पावलं ऐकत, आणि पुढे काही नाही. वही खोटी, पडदा खोटा, मावशी खोटी. प्रभूवर तरी तुझा विश्वास उरलाय का, हे विचारायचं तोंड मला नाही. माझा उरलाय का, तर मला माहीत नाही. मी गुडघे टेकते आणि शब्द येत नाहीत. फक्त त्या शिपायापुढे हात बांधून उभा असलेला तो दिसतो, विचारतोय, मला का मारतोस. आणि शिपायाच्या जागी कधी कधी मी असते.

एकच गोष्ट राहिलीय जी मी त्याच्यासारखी कधी केली नाही. विचारणं. मी बुधवारी येतेय. गाडी दुपारी पोचते. आधी इस्पितळात जाऊन चष्मेवालीच्या आत्याला भेटेन आणि त्या मुलीसमोर सगळं पुन्हा सांगेन, तिला बोलता येत नसलं तरी ऐकू येतं. मग तुझ्याकडे. तुझा नवरा शिकवण्या संपवून पाचला घरी येतो ना? मी पाचनंतरच येईन. त्याच्या तोंडावर विचारेन, हिला का मारलंस? तो लाजून हसेल. मी पुन्हा विचारेन. त्याने माझ्यावर हात उचलला तरी विचारेन. मला सवय आहे.

ह्यांना बघायला चार नंबर वॉर्डातली आया येऊन राहतेय. ती विचारत होती, मावशी, सामान काय नेणार? काही नाही म्हटलं. पडदा काढून टाकलाय, खिडकी उघडीच आहे.

तू दार उघडणार नाहीस, बारके. मला माहीत आहे. बॅग घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईला परत आत ढकलायचं मीच शिकवलं तुला, आणि तू कुठलीच गोष्ट अर्धवट शिकली नाहीस. तरी मी कोपऱ्यावर उभी राहीन. दोन्ही हात रिकामे घेऊन येतेय. एक तुझ्या बॅगेला, एक तिच्या.

मावशी